आधी बँड जेवणार

मास्तरांशी माझी ओळख भांडणातून झाली, आणि तशीच झाली ते बरं झालं. गोडीगुलाबीने झाली असती तर टिकली नसती. गोड बोलणाऱ्या माणसाकडे ते संशयानेच बघत.

सिंगापुरात हौगांगच्या त्या ब्लॉकमध्ये मी सातव्या मजल्यावर भाड्याने राहत होते आणि मास्तर आठव्यावर, बरोबर माझ्या डोक्यावर. मी घरून काम करायचे. दुपारी तीनला माझा क्लायंटबरोबर कॉल असायचा आणि दुपारी तीनलाच वर क्लॅरिनेट सुरू व्हायचं. मी प्रोजेक्ट मॅनेजर. काम उशिरा का होतंय हे गंभीर आवाजात समजावून सांगायचं, हा माझा धंदा. माझा आवाज गंभीर व्हायला लागला की वरून कोणीतरी असे खुशालचेंडू सूर सोडायचं, की माझ्या बोलण्यातली हवाच निघून जायची. एक दिवस क्लायंटने विचारलं, तुमच्याकडे आज लग्न आहे का? मी लॅपटॉप तसाच टाकला आणि जिना चढले.

दार एका चिनी म्हातारीने उघडलं. आत भर दुपारी, पंखा गरगर फिरत असताना, एक म्हातारा कोट, जाकीट, टाय, बूट असा जामानिमा करून खुर्चीच्या कडेवर ताठ बसला होता. मी इंग्रजीत सुरुवात केली. राग वाढला की मी मराठीत घसरते, तशी घसरले. शेजारधर्म, लोकांची कामं, वयाला शोभणं, टाउन कौन्सिलकडे तक्रार, सगळं काढलं. म्हातारा शांतपणे ऐकत होता, कारण त्याच्या तोंडात क्लॅरिनेटची पत्ती होती. पत्ती म्हणजे बोरूची ती पातळ पट्टी, जी थरथरली की क्लॅरिनेट बोलतं. वाजवण्याआधी ती तोंडात भिजवावी लागते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी पत्ती बाहेर काढली.

"पुन्याची का गं?"

मी हो म्हटलं.

"भांडाय झकास येतंय तुला," ते म्हणाले. "वाजवनारी लई मिळाली मला. भांडनारं मानूस न्हवतं. बस." मग म्हातारीला म्हणाले, "हिला च्या टाक गं."

आणि ती चिनी म्हातारी मला म्हणाली, "साकर किती टाकू?"

ज्या बाईने मला चीनच्या नकाशाइतका दूरचा चेहरा ठेवून कराडकडच्या मराठीत साखर विचारली, तिच्या घरात मी पुढे काय भांडणार! चहा पिऊन खाली आले. दुसऱ्या दिवसापासून क्लॅरिनेट तीनऐवजी चारला सुरू झालं, आणि त्याच्या बदल्यात मी सोळा जणांच्या स्विंग बँडची मॅनेजर झाले. पुढची सात वर्षं होते. आता मी पुंगोलला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते. वर कोणीतरी अत्यंत सभ्य कुटुंब आहे. त्यांचा आवाज म्हणून येत नाही.

स्विंग म्हणजे काय, हे मलाही त्या वेळी ठाऊक नव्हतं. पंधरा-सोळा वाजवणारे, पुढे क्लॅरिनेट, मागे सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, ट्रम्पेट अशा रांगा, आणि समोर जोडीजोडीने नाचणारी माणसं. अमेरिकेतलं, रेडिओच्या जमान्यातलं संगीत. मास्तर जन्मले तोवर त्याचा बहर ओसरला होता, आणि त्यांनी स्वतःचा बँड उभा केला तोवर जगाने त्याचं श्राद्धही उरकलं होतं. हे त्यांना कोणी ऐकवलं की ते म्हणत, "मग मी काय करू? मला कुनी कळवलं न्हाई."

त्यांच्या वडलांचा कराडकडे लग्नाचा बँड होता. मास्तर तिथे क्लॅरिनेट शिकले. विसाव्या वर्षी मुंबईला गेले आणि एका गोव्याच्या बँडमास्तरच्या हाती लागले. त्याने त्यांना कागदावरचे सूर वाचायला शिकवले, चुकलं की कान पिळला, आणि आपल्याकडच्या जुन्या तबकड्या ऐकवून स्विंगचं वेड लावून दिलं. पोट भरायला मास्तर जहाजावर लागले. इंजिनात तेल घालायचं काम. तिथल्या घरघराटात कितीही वाजवलं तरी कुणाला त्रास होत नसे, म्हणून ते रोज इंजिनाशेजारी उभं राहून वाजवत. स्वतःचं स्वतःला ऐकू यावं इतका मोठा सूर काढायची सवय तिथलीच. माझ्या क्लायंटपर्यंत तो कसा पोचत होता, हे मला तेव्हा कळलं.

एकदा जहाज दुरुस्तीला सिंगापूरला महिनाभर थांबलं. एका हॉटेलातल्या नाचाच्या हॉलला क्लॅरिनेटवाला हवा होता. मास्तर तेलकट डांगरी घालूनच गेले. दारवानाने मागच्या दाराने जायला सांगितलं. ते पुढच्याच दारात उभे राहिले आणि तिथेच क्लॅरिनेट जोडून वाजवायला लागले. आतला मॅनेजर बाहेर आला. जहाज गेलं, मास्तर राहिले. दोन वर्षांत हॉटेलचा बँड त्यांचा झाला, आणखी एका वर्षाने बँडची गायिका त्यांची बायको झाली. तीच ही म्हातारी, जिला आम्ही सगळे आंटी म्हणायचो.

तेरा वर्षांनी की-बोर्ड आला. हॉटेलच्या नव्या साहेबाने सांगितलं, सोळा माणसं परवडत नाहीत, चार ठेवा. मास्तर म्हणाले, सोळा न्हाईतर शून्य. साहेबाने शून्य निवडलं. दुसऱ्या सकाळी मास्तर गोदीत फिटर म्हणून रुजू झाले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. पण बँड मोडला नाही. दर रविवारी सकाळी कम्युनिटी क्लबच्या एका खोलीत सोळा जण जमत. जुने गेले की नवे येत. माझ्या वेळी त्यात पोलीस बँडातून निवृत्त झालेला एक मलाय ट्रम्पेटवाला होता, गणिताचे एक चिनी मास्तर ट्रॉम्बोनवर होते, आणि ड्रमवर सेंगकांगचा एक तामिळ पोरगेला बाप होता, जो झोपाळलेल्या डोळ्यांनी यायचा आणि म्हणायचा की घरी तान्हं बाळ आहे, इथेच काय ती शांतता. मास्तर रविवारीही सुटातच. एमआरटीतून, म्हणजे मेट्रोतून, जाताना क्लॅरिनेटची पेटी मांडीवर आणि घामाने कॉलर चिंब. मी म्हटलं, एवढ्या उकाड्यात कशाला? ते म्हणाले, "गोदीत डांगरी घालून तेवीस वर्सं काढली. उकाडा मला नवा न्हाई. कोट नवा हाय."

त्यांना न आवडणारा प्रश्न विचारला की ते पत्ती तोंडात घालत. वय किती, मुलं का नाहीत, देशात परत का गेला नाहीत, या सगळ्यांवर पत्ती. तोंडात पत्ती असलेला माणूस बोलू शकत नाही, त्यामुळे विचारणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होई. दहा मिनिटंसुद्धा ते तसे बसत. आंटी शेजारून सांगे, "आता न्हाई बोलनार तो. येडा हाय, ला." वाक्याच्या शेवटी सिंगापुरी 'ला' लावल्याशिवाय तिचं कराडी मराठी पूर्ण होत नसे.

पण मास्तरांचा खरा हट्ट वेगळाच होता, आणि माझी मॅनेजरकी सगळी त्याच्यासाठीच होती. कार्यक्रम कुठलाही असो, लग्न, वाढदिवस, कंपनीची पार्टी, त्यांची अट एकच. आधी बँड जेवणार. पाहुण्यांच्या आधी. मांडलेल्या टेबलावर, बसून. आणि वाढणार यजमान स्वतः. वेटर नाही.

ही अट मी फोनवर सांगितली की समोरचे ती पुन्हा सांगायला लावायचे. मग लोक म्हणायचे, आम्ही बँडसाठी पॅकेट्स ठेवू ना. मी म्हणायचे, नाही. मग म्हणायचे, स्टाफच्या खोलीत बुफे लावू. मी म्हणायचे, नाही. माझा आवाज चढत जायचा आणि मला, खोटं कशाला सांगू, मजा येत जायची. निम्मे लोक फोन ठेवून देत. उरलेले चक्रम समजून का होईना, ऐकत. एका मोठ्या कंपनीच्या मोठ्या साहेबाला मी बाह्या सरसावून सोळा ताटांत भात वाढताना बघितलं आहे. सुरुवातीला तो कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. चौथ्या ताटापर्यंत हसू संपलं, आणि दहाव्या ताटाला तो ड्रमवाल्याला विचारत होता, तुम्ही कधीपासून वाजवता?

या सगळ्यात मास्तर स्वतः मात्र जेवत नसत. पोट भरलं की वारं अडतं, म्हणत. ते पंगतीच्या मागून हात पाठीशी बांधून फिरायचे, प्रत्येकाच्या पानात डोकावायचे, "अजून घे की" करून आग्रह करायचे. त्यांचं जेवण सगळं आटोपल्यावर, सगळ्यांच्या शेवटी.

या अटीमागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही मी विचारली नव्हती तेव्हा. एमआरटीत बसलो होतो. समोरची सीट रिकामी झाली, तिच्याकडे बघत ते बोलायला लागले. दहा-अकरा वर्षांचे असताना वडलांच्या बँडबरोबर एका लग्नाला गेले होते. सकाळी वरातीपासून वाजवत होते. पंगती उठत होत्या, बसत होत्या. जिलब्यांचा वास येत होता. बँडवाल्यांना गोठ्यामागे बसवलं होतं, सगळी जेवली की तुमचं. दुपार कलली तेव्हा एक माणूस उरलेला भात पाटीतून घेऊन आला. जिलब्या संपल्या होत्या. पोराने बापाकडे बघितलं.

"माझा बा म्हनाला, वाजवनाऱ्यानं उपाशीच राहावं. मग वारं चांगलं भरतंय छातीत." मास्तरांनी मांडीवरची पेटी सरळ केली. "लई वर्सं मला खरंच वाटायचं ते."

मग हौगांग आलं आणि आम्ही उतरलो.

एवढ्या वर्षांत मास्तरांनी सिंगापुरात सगळ्यांसमोर वाजवलं होतं. मराठी मंडळींच्या कार्यक्रमात एकदाही नाही. हॉटेलच्या दिवसांत म्हणे आपल्याकडचे कोणी साहेब तिथे जेवायला आले होते. क्लॅरिनेटवाला मराठी आहे कळल्यावर कौतुकाने जवळ गेले, गाव विचारलं, वडील विचारले. आणि म्हणाले, "अच्छा, म्हणजे बँडवाले!" आणि हसले. मास्तरांनी पत्ती तोंडात घातली. ती आपल्या लोकांसमोर जवळजवळ चाळीस वर्षं बाहेर निघाली नाही.

मग दातांचं निघालं. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या पुढच्या दोन दातांखाली धरायचं असतं. मास्तरांचे नेमके तेच दोन हलायला लागले. डॉक्टरने सांगितलं, हिरडीत पू आहे, ते दोन आणि शेजारचे दोन काढावेच लागतील. मी म्हटलं, कवळी लावून वाजवतातच की लोक.

"वाजवत्यात," मास्तर म्हणाले. "पन मग कवळी वाजवती, मानूस न्हाई."

डॉक्टरने मंगळवारची तारीख दिली होती. त्याच्या आधीच्या शनिवारी आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात संध्याकाळचा कार्यक्रम रिकामा होता. ठरलेला गायक आजारी पडला होता. मी मंडळाच्या समितीवर होते. मास्तरांना विचारलं. पत्ती हातातच होती, तोंडात गेली नाही.

"दात हायेत तवर एकदा आपल्या मानसांपुढं," ते म्हणाले. "घे."

आता मी केलेली चूक सांगते. अजूनही आठवली की कान गरम होतात.

समितीत मी अट मांडली. आमचे अध्यक्ष माणूस वाईट नव्हते. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मंडळासाठी राबणारे, कार्यक्रमपत्रिका मिनिटामिनिटाची छापणारे. ते म्हणाले, "बाकी काहीही मागा. साडेसहाला बँड, आठला आरती आणि नैवेद्य, मग महाप्रसाद. नैवेद्याच्या आधी पानं वाढायची नाहीत, हे तुमच्याही आईने तुम्हाला शिकवलं असेलच."

शिकवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी भांडण अर्ध्यावर सोडलं. आणि मग मी माझ्या धंद्यात करतात ते केलं. मधला मार्ग काढला. हॉलशेजारच्या हॉकर सेंटरमधल्या एका खाण्याच्या टपरीतून सोळा पॅकेट्स शाकाहारी बी हून मागवलं, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि कपडे बदलायच्या खोलीत ठेवून दिलं. बँड आधी जेवणार, नैवेद्याचं अन्न कोणी उष्टावणार नाही, सगळे खूश. मास्तरांना मी काही सांगितलं नाही. सांगायची हिंमत झाली नाही, आणि हिंमत झाली नाही यावरूनच मला कळायला हवं होतं.

शनिवारी सहाला बँड आला. मास्तरांनी नवा काळा सूट शिवला होता. आंटीने चिनी रेशमाच्या गाऊनवर गजरा माळला होता. मी दार उघडून त्यांना खोलीत नेलं. टेबलावर तपकिरी कागदात बांधलेली, रबर लावलेली सोळा पॅकेट्स एकावर एक रचली होती. खोलीला खिडकी नव्हती. कोपऱ्यात मंडळाच्या जुन्या सजावटीचं सामान पडलं होतं.

मास्तरांनी पॅकेट्सकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"तू बी?"

एवढंच म्हणाले. क्लॅरिनेटची पेटी काखेत मारली, पत्ती तोंडात घातली आणि बाहेर पडले.

बाकीचे पंधरा जण उभेच होते. पॅकेटला कोणी हात लावला नाही. ट्रॉम्बोनवाले गणिताचे मास्तर छताकडे बघत होते. आंटी खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, "तो न्हाई येनार. लई हट्टी हाय, ला." मग म्हणाली, "पन आज त्याचं बरोबर हाय."

मला रडू यायला हवं होतं, पण मला रडण्याच्या आधी राग येतो. आणि या वेळी तो स्वतःचा आला होता. बाहेर चारशे माणसं खुर्च्यांवर बसत होती. मी सरळ गणपतीसमोर गेले. गुरुजी तिथे सकाळपासून उपाशी बसले होते.

"गुरुजी, नैवेद्य आठलाच दाखवायला पाहिजे का?"

"स्वयंपाक झालाय का?"

"झालाय."

"मग देव काय कार्यक्रमपत्रिका वाचतो का?" गुरुजी म्हणाले आणि उठून उपरणं सावरायला लागले. त्यांना किती भूक लागली होती ते तेव्हा कळलं.

अध्यक्ष धावत आले. पत्रिका छापली आहे, पाहुणे आठला येणार आहेत, असं कसं करता. मी म्हटलं, "बाप्पाला दीड तास आधी मिळतंय. तक्रार करणार आहे का तो? त्याची तक्रार आली तर माझ्याकडे पाठवा." चारशे माणसांपुढे मोठ्याने आरती सुरू झाली, त्यामुळे त्यांचं पुढचं बोलणं मला ऐकू आलं नाही. सोयीचं झालं.

आरती आणि नैवेद्य झाला. हॉलमध्ये खुर्च्यांनी जागा उरली नव्हती, म्हणून टेबलं रंगमंचावरच लावली. मान्यवरांच्या पंगतीसाठी केळीची पानं आणून ठेवली होती, ती घेतली. पंधरा पानांवर पंधरा जण बसवले आणि सोळावं रिकामं ठेवलं. समोर चारशे माणसं, कार्यक्रम सुरू झाला की काय, या संभ्रमात टाळ्या वाजवायच्या की नाही ते ठरवत होती. वरणाची बादली अध्यक्षांच्या हातात कशी आली ते मला नक्की आठवत नाही. ते बादली धरून घुम्यासारखे उभे होते. आंटीने पानावरून मान वर करून त्यांना सांगितलं, "वाढ की रे."

चिनी म्हातारीने मराठीत 'वाढ की रे' म्हटल्यावर नाही म्हणण्याची रीत आमच्या अध्यक्षांना कुठल्याच बँकेत शिकवलेली नव्हती. ते वाढायला लागले.

मी बाहेर धावले. मास्तर बसस्टॉपच्या बाकावर बसले होते. पेटी मांडीवर, पत्ती तोंडात. बस येऊन गेली असणार. ते चढले नव्हते.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "पानं मांडलीत. नैवेद्य झाला."

पत्ती हलली नाही.

"अध्यक्ष वाढतायत. वरण सांडतंय त्यांच्या हातून."

पत्ती किंचित हलली.

"पंधरा पानांवर भात पडलाय आणि कोणी हात लावत नाही. आग्रह करायला कोणी नाही तिथे."

मास्तरांनी पत्ती बाहेर काढली.

"आधी मीठ वाढलं का?"

"नाही."

"मग काय वाढलं, कपाळ?" असं म्हणून ते उठले.

रंगमंचावर येऊन त्यांनी पहिल्यांदा अध्यक्षांच्या हातात मिठाची वाटी दिली आणि पानाच्या कुठल्या कडेला ठेवायचं ते बोटाने दाखवलं. मग हात पाठीशी बांधून पंगतीमागून फिरायला लागले. ड्रमवाल्याला दोनदा मोदक घ्यायला लावला. पोलीस बँडवाल्याच्या पानात आमटी संपली म्हणून अध्यक्षांना हाक मारली, आणि अध्यक्ष, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, पळत आले. चारशे माणसं अर्धा तास पंधरा माणसांना जेवताना बघत बसली होती. सुरुवातीला कुजबुज होती. मग कोणीतरी मागून ओरडलं, "त्या चष्मेवाल्यांना भाजी वाढा!" आणि हॉल हसला.

टेबलं हलवली. बँड उभा राहिला. मास्तर माइकपाशी आले. भाषण त्यांनी कधी केलं नव्हतं.

"माझे वडील बँडवाले हुते," ते म्हणाले. "मी बी बँडवाला. हे पंधरा जन माझं घरानं." आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

त्या दिवशी त्यांनी काय वाजवलं याचं वर्णन करायची माझी लायकी नाही. सुरांचं मला अजूनही फारसं कळत नाही. एवढं सांगते, की दुसऱ्या गाण्याला पहिल्या रांगेतली म्हातारी मंडळी पाय हलवायला लागली आणि तिसऱ्याला मागच्या तरुणांनी खुर्च्या भिंतीला लावल्या. जोडीने नाचायचं कोणाला येत नव्हतं. गणपतीपुढे नाचतात तसेच सगळे नाचले, आणि मास्तरांना ते चाललं. आंटी गायली. अध्यक्ष नाचले नाहीत, पण बादली हातात घेऊनच शेवटपर्यंत उभे होते. संपल्यावर मास्तरांनी पत्ती काढून रुमालाने पुसली तेव्हा रुमालावर रक्त होतं. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि सगळ्यांच्या शेवटी, सोळाव्या पानावर जेवले. अध्यक्षांनी वाढलं. आधी मीठ.

मंगळवारी दात गेले.

त्यानंतर वरचं घर शांत झालं. दुपारी चार वाजत, पाच वाजत, काही नाही. रविवारी बँड जमे, पण मास्तर जात नसत. मी वर गेले तर ते खुर्चीवर सुटात बसलेले असत, पत्ती तोंडात, आणि पेटी बंद. माझे कॉल आता अगदी निर्विघ्न पार पडत होते. ज्या शांततेसाठी मी एकदा जिना चढून भांडले होते, ती मला मिळाली होती, आणि माझं कामात लक्ष लागत नव्हतं.

दीड महिना असा गेला. मग एका दुपारी, चारला नाही, बरोबर तीनला, मी क्लायंटला उशिराची कारणं सांगत असताना, वरून एक किंचाळी आली. मांजराचा पाय दारात सापडावा तशी. मग शांतता. मग पुन्हा एक. मग एक लांब, हलता, भिकार सूर. क्लायंटने विचारलं, हे काय? मी म्हटलं, माझे बँडमास्तर, आणि कॉल बंद केला.

वर दार उघडंच होतं. मास्तर खुर्चीच्या कडेवर होते. दात नाहीत म्हणून त्यांनी दोन्ही ओठ आत दुमडून त्यांत क्लॅरिनेट धरलं होतं. अशी धरायची एक रीत असते, ओठांचा भुगा करणारी. ऐंशीच्या घरातला माणूस आधीचं सगळं टाकून पहिल्या दिवसाच्या पोरासारखा पुन्हा सुरुवात करत होता. सूर फाटत होता, ते डोळे मिटून पुन्हा धरत होते. मी दारातच उभी राहिले. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, की रागासारखाच वाटला.

त्यांनी मला बघितलं. क्लॅरिनेट खाली ठेवलं आणि टेबलाकडे बोट दाखवलं. टेबलावर एक पान मांडलं होतं. आंटीचं पिठलं, तिच्या सवयीप्रमाणे वर सांबाल म्हणजे मलाय लाल ठेचा घातलेलं, आणि भात. मास्तर उठले. आधी पानाच्या कडेला मीठ ठेवलं. मग भात वाढला. त्या शनिवारपासून 'तू बी?' माझ्या कानांत होतं. ते तिथे, त्या चिमूटभर मिठाशी, संपलं. मी बसले आणि जेवायला लागले. मास्तर माझ्या मागे हात बांधून उभे होते.

तेवढ्यात दारावर कोणीतरी आलं. नवव्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला एक तरुण, गळ्यात हेडफोन, चेहरा रागाने लाल. "अंकल, व्हाय सो नॉइझी? आय गॉट मीटिंग, यू नो! डे टाइम ऑल्सो कॅनॉट वर्क, ला!"

मास्तरांनी पत्ती तोंडात घातली. आंटीने माझ्याकडे बघितलं. माझा घास हातातच राहिला. टाउन कौन्सिलचे नियम, शेजारधर्म, रात्री साडेदहापर्यंत वाजवायचा हक्क, सगळं ओठांवर आलं आणि मी खुर्ची मागे सारली.

खांद्यावर मास्तरांचा हात पडला. त्यांनी मला खाली बसवलं आणि पत्ती बाहेर काढली.

"आधी जेव," ते म्हणाले. "मग भांड."